सहलीचा डबा आणि मावळची शिदोरी

पुण्या-मुंबईकडच्या बहुतेक शाळांची एक सहल ठरलेली असते. सकाळी कार्ल्याची लेणी, दुपारी लोणावळा आणि परतताना प्रत्येकाच्या हातात चिक्कीचे पाकीट. सहलीच्या आदल्या दिवशी आपण सूचना देतो : पाण्याची बाटली आणा, दुपारचा डबा आणा, सकाळचे दूध आणि बिस्किटे शाळेतर्फे मिळतील. वर्ग सुटल्यावर एखादी मुलगी रेंगाळते आणि हळूच सांगते, ‘बाई, मला दूध चालत नाही.’

आपले उत्तर तयार असते. दूध पूर्णान्न आहे, हे आपणच वर्गात शिकवलेले असते. मग ‘नाटकं नकोत, थोडं तरी घे’ असे आपण म्हणून जातो. खरे तर त्या मुलीने एक चांगला प्रश्न विचारलेला असतो. दूध न चालणे म्हणजे नेमके काय? आणि दूध नको असेल तर झटपट होणारे, पोटभर आणि ऊबदार असे दुसरे काय खायचे? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सहल ज्या रस्त्याने जाते त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेले आहे. म्हणून या लेखात आपण मावळच्या वाटेने जाऊ या.

पावसाळ्याची बेगमी

कार्ल्याच्या चैत्यगृहातील शिलालेख मुलांना दाखवताना आपण दाते आणि राजे यांच्याबद्दल सांगतो. त्यातच आपल्या विषयाचा एक धागा आहे. उषवदाताच्या लेखात करजिक नावाचे गाव वलुरक येथील लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंना पावसाळ्यातील निर्वाहासाठी दिल्याची नोंद आहे. वलुरक हे कार्ल्याच्या लेण्यांचे जुने नाव. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीच्या काळातील लेखात मामाल येथील अमात्याला दिलेली आज्ञा आहे. मामाल म्हणजेच आजचे मावळ. भिक्षू काय खात हे लेख सांगत नाहीत. पण पावसाळ्याचे चार महिने कसे काढायचे, हा या प्रदेशाचा जुना प्रश्न आहे हे त्यांवरून दिसते.

हा पाऊस साधा नसतो. लोणावळ्याच्या बाजूला वर्षाकाठी सुमारे चार हजार मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो. पूर्वेला तळेगावकडे सरकावे तसा तो झपाट्याने कमी होतो. पश्चिमेकडच्या खाचरांत भात आणि डोंगरउतारावर नाचणी, वरी अशी पिकांची वाटणी त्यामुळेच झाली. पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर १८८५ साली प्रसिद्ध झाले. त्यातही या पश्चिम पट्ट्याची पिके म्हणून हीच नावे येतात. सोबतीला हुलगा, उडीद, वाल अशी कडधान्ये आणि रानातल्या भाज्या. ओढ्या-खाचरांतले मासे-खेकडे खाणाऱ्या घरांत तेही असत.

या यादीत दूध कुठे आहे? गोठ्यात गाय-म्हैस असे. पण गाय मुख्यतः बैलासाठी पाळलेली. तिचे दूध थोडे आणि त्यावर पहिला हक्क वासराचा. उरलेले दूध टिकवायचे कसे हा पुढचा प्रश्न. दमट हवेत धारोष्ण दूध काही तासांत नासते. म्हणून विरजण लावायचे, ताक घुसळायचे, लोणी काढायचे आणि तूप कढवायचे. तूप महिनोन्‌महिने टिकते आणि बाजारापर्यंत पोचते.

सह्याद्रीच्या माथ्यावर म्हशी पाळणाऱ्या गवळी धनगरांचा अभ्यास माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी केला. त्यात हीच व्यवस्था दिसते. लोणी खाली गावात द्यायचे, बदल्यात धान्य घ्यायचे आणि ताक घरात वापरायचे. म्हणजे दुभत्याची माणसेही पेलाभर गोडे दूध पीत बसत नव्हती. डोंगरातल्या सामान्य कुटुंबाच्या रोजच्या जेवणात दुधाला जागा होती ती ताकाच्या रूपात. तेही असले तर आणि असेल तेव्हा.

दुधातली साखर आणि दुधातली प्रथिने

आता त्या मुलीच्या पोटाकडे वळू. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात ती साधारण पावणेपाच ग्रॅम असते. ही साखर जशीच्या तशी रक्तात शिरत नाही. लहान आतड्याच्या अस्तरात लॅक्टेज नावाचे विकर असते. ते लॅक्टोजचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे दोन तुकडे करते. तान्ह्या बाळात हे विकर भरपूर असते. अंगावरचे दूध सुटले की बहुतेक माणसांत ते हळूहळू कमी होत जाते. मग न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, पाणी ओढून घेते आणि तिथले जीवाणू तिच्यापासून वायू तयार करतात. पोट फुगते, दुखते, जुलाब होतात. मूल नाटक करीत नसते. त्याच्या पोटात एक साधी रासायनिक क्रिया चाललेली असते.

गंमत म्हणजे वैद्यकशास्त्राला हे फार उशिरा उमगले. दूध पिणाऱ्या युरोप-अमेरिकेत पाठ्यपुस्तके लिहिली गेली आणि ‘मोठ्यांनाही दूध पचते’ हाच नियम मानला गेला. १९६५ आणि १९६६ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डॉक्टरांनी प्रौढांची तपासणी केली. लॅक्टेज कमी असणे हा विरळा रोग नसून अनेकांच्या बाबतीत ती नेहमीचीच गोष्ट आहे, असे त्यांना आढळले. कृष्णवर्णीयांमध्ये हे प्रमाण गोऱ्यांपेक्षा बरेच जास्त होते. आज आपण जाणतो की जगातील सुमारे दोन तृतीयांश प्रौढांत लॅक्टेज कमी झालेले असते. मोठेपणीही ते टिकणे हाच खरा अपवाद.

हा अपवाद कशामुळे, याचा माग २००२ साली फिनलंडमधील संशोधकांनी लावला. लॅक्टेजच्या जनुकाजवळच्या एका अक्षराच्या बदलाने ते विकर आयुष्यभर तयार होत राहते. पुढे भारतातील लोकांचे नमुने तपासले गेले. २०१२ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात तोच बदल भारतातही सापडला. वायव्येकडे तो जास्त आढळतो आणि दक्षिणेकडे, पूर्वेकडे कमी होत जातो. म्हणजे पंजाबच्या पेलाभर लस्सीचा आणि आपल्या वाटीभर ताकाचा संबंध केवळ आवडीनिवडीशी नाही.

इथे एक काळजी घ्यायला हवी. लॅक्टोज न पचणे वेगळे आणि दुधाची अ‍ॅलर्जी वेगळी. ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली वापरात आणला. अ‍ॅलर्जीत घोटाळा साखरेचा नसून प्रथिनांचा असतो. शरीराची संरक्षणव्यवस्था केसीनसारख्या निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू समजते. हे घडवून आणणारी आयजीई नावाची प्रतिद्रव्ये किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने १९६६ च्या सुमारास ओळखली. अशा अ‍ॅलर्जीत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते, दम लागतो. क्वचित जिवावरही बेतते.

हा फरक शिक्षकाने नीट समजून घ्यावा, कारण त्यावर कृती ठरते. ज्या मुलाला लॅक्टोज पचत नाही त्याला बऱ्याचदा ताक चालते, कारण विरजणातील जीवाणूंनी काही साखर आधीच संपवलेली असते. तुपात तर ती जवळजवळ नसतेच. थोडे दूधही अनेकांना सोसते. ज्या मुलाला दुधाची अ‍ॅलर्जी आहे त्याला मात्र दही, ताक, पनीर, खवा काहीच चालत नाही. तुपातही प्रथिनांचे अंश राहू शकतात. बकरीचे दूध हा उपाय नव्हे, कारण त्यातील प्रथिने गाईच्या दुधासारखीच असतात. असे मूल वर्गात असेल तर ‘थोडं तरी घे’ हे वाक्य धोक्याचे आहे. नेमके काय आहे हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. तान्ह्या मुलांचे दूध तर त्यांच्या सल्ल्याशिवाय कधीच बंद करू नये.

वेळ पिठात साठवलेला असतो

आज दूध वगळून स्वयंपाक करायचा म्हटले की काही तरी खास, महागडे आणावे लागेल असे वाटते. शिवाय वेळ कुठे आहे? २००२ साली पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. तळेगाव-चाकणच्या बाजूला कारखाने वाढले. घरातली दोन्ही माणसे पाळीवर जाणार, मुले शाळेतून भुकेली येणार. पण घाईचे दिवस मावळाला नवे नाहीत. भातलावणीचे पंधरा-वीस दिवस आठवा. पावसाने उघडीप दिली, खाचरात पाणी आहे, रोपे तयार आहेत. या दिवसांत घरातली बाई पहाटेपासून चिखलात उभी असते. संध्याकाळी ओलीचिंब होऊन ती परतते तेव्हा चुलीपाशी दोन तास घालवणे परवडत नाही. तरी घरातल्यांना गरम आणि पोटभर खायला तर हवेच.

याचे उत्तर होते पीठ. पावसाळ्यापूर्वीच हुलगे भाजून, भरडून, दळून ठेवायचे. तांदूळ, डाळी, गहू, जिरे-धने भाजून मेतकूट करून ठेवायचे. थालीपिठाची भाजणी डब्यात भरून ठेवायची. भाजण्या-दळण्याला लागणारा वेळ असा आधीच खर्च करून पिठात साठवला जाई. मग आयत्या वेळी लागत ती फक्त दहा-पंधरा मिनिटे.

पिठल्याचेच पाहा. तेलात मोहरी, जिरे, लसूण, मिरची. त्यावर पाणी, मीठ, आणि पाण्याला उकळी आली की थंड पाण्यात कालवलेले पीठ. पीठ थंड पाण्यातच का कालवायचे? कोरडे पीठ उकळत्या पाण्यात पडले की प्रत्येक गोळ्याचा बाहेरचा थर लगेच फुगतो आणि चिकट होतो. आत पाणी शिरत नाही आणि गुठळी होते. स्टार्चचे कण साधारण ६५ ते ७५ अंश सेल्सियसला पाणी शोषून फुगतात. ते आधीच सुटे झालेले असतील तर सगळे एकसारखे फुगतात आणि पिठले गुळगुळीत होते. हुलग्याचे माडगेही असेच. पीठ थोडे पातळ कालवायचे, गूळ किंवा मीठ घालायचे आणि पावसात भिजून आलेल्याला वाटीभर गरम द्यायचे. हुलग्याच्या पिठाची लांबट वळकटी करून लसणीच्या उकळत्या रश्शात सोडली की शेंगोळे. भाकरीही वेगळी करायला नको.

त्याहून सोपी पेज. मूठभर तांदूळ, भरपूर पाणी, मीठ. मऊ शिजला की वर मेतकूट. आजारी माणसाला, लहान मुलाला आणि थकलेल्यालाही चालणारे हे अन्न. आंबेमोहोर हा या डोंगरपट्ट्याचा जुना सुवासिक तांदूळ. त्याचे रोप उंच वाढते, पीक लोळते आणि उतारा कमी. म्हणून आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांचा संकर करून लोणावळ्याच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली ‘इंद्रायणी’ हे वाण बाहेर पडले. मावळातल्याच नदीचे नाव मिळालेला हा तांदूळ शिजल्यावर किंचित चिकट होतो. त्यामुळे पेजेला आणि मऊभाताला तो फार चांगला.

या जेवणातली आणखी एक सोय पाहण्यासारखी आहे. तांदळाच्या प्रथिनांत लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते, ते कडधान्यात भरपूर असते. कडधान्यात मेथिओनीन कमी, ते तांदळात असते. भात आणि हुलग्याची आमटी, पेज आणि मेतकूट, भाकरी आणि पिठले या जोड्या एकमेकींची उणीव भरून काढतात. दूध काढल्यावर कॅल्शियमचे काय, असे पालक विचारतात. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तेवढ्याच वजनाच्या गाईच्या दुधात साधारण १२०. अर्थात नाचणीतील सगळे कॅल्शियम शरीराला मिळत नाही, कारण फायटेटसारखी द्रव्ये त्यातले काही बांधून ठेवतात. नाचणी भिजवून मोड आणले तर हा अडथळा कमी होतो. नाचणीचे सत्त्व काढण्याची जुनी रीत म्हणूनच उपयोगाची.

हे सगळे सांगताना जुन्या काळाचे गोडवे गाण्याचा मोह टाळू या. पिठात साठवलेला तो वेळ कुणाचा होता? पहाटे जात्यावर बसणाऱ्या बाईचा. ‘झटपट’ जेवणाची किंमत तिने आधीच मोजलेली असे. पिठाची गिरणी गावात आली तेव्हा तिच्या हातांना खरी विश्रांती मिळाली. १९५९ च्या सुमारास भारतात प्रेशर कुकर तयार होऊ लागले आणि डाळ शिजण्याचा वेळ कितीतरी कमी झाला. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. कुकरात ते १२० अंशांपर्यंत जाते. आज रविवारी घरातल्या सर्वांनी मिळून भाजणी भाजली आणि गिरणीतून दळून आणली, तर आठवडाभराची सोय होते. जुनी युक्ती घेताना ओझे मात्र वाटून घ्यावे.

घाटातली चिक्की

सहल आता लोणावळ्याच्या बाजारात आली आहे. बोरघाटातील रेल्वेचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली घाट गाड्यांसाठी खुला झाला. काम ऐन भरात असताना, १८६१ साली, ४२ हजारांहून अधिक मजूर तिथे राबत होते. या मजुरांना गूळ-शेंगदाण्याची ‘गुडदाणी’ विकली जाई आणि तिचीच पुढे चिक्की झाली, असे लोणावळ्यात सांगतात. गोष्ट मुलांना जरूर सांगावी. मात्र ‘असे सांगतात’ आणि ‘अशी नोंद आहे’ यांतला फरकही त्याच वेळी दाखवावा. इतिहासाचा तो पहिला धडा आहे.

गोष्ट खरी असो वा नसो, पदार्थ मजुराला साजेसा आहे. गुळाचा पाक कडक होईपर्यंत आटवायचा. थेंब पाण्यात टाकला की टणक गोळी व्हायला हवी. मग भाजलेले दाणे घालून लाटायचे. पाणी जवळजवळ निघून गेल्यामुळे ती दिवसचे दिवस टिकते, खिशात मावते आणि भूक भागवते. दुधाची गरजच नाही. त्याच दुकानात शेजारी फज असते, तिच्यात दूध आणि लोणी दोन्ही. एकाच फळीवर दोन इतिहास मांडलेले आहेत.

म्हणजे दूध न चालणाऱ्या मुलीला चिक्की दिली की काम झाले? थांबा. शेंगदाणा मुळात दक्षिण अमेरिकेतला, पण आपल्याकडे इतका रुळला की परका वाटत नाही. जगभर मात्र तीव्र अ‍ॅलर्जी घडवणाऱ्या पदार्थांत त्याचे नाव वरचे आहे. तिळाचीही अ‍ॅलर्जी असते. ज्या बेसनाचे पिठले आपण इतक्या विश्वासाने वाढतो त्या हरभऱ्याबद्दलही २००१ साली मुंबईच्या संशोधकांनी इशारा दिला. भारतीय उपखंडात हरभरा हे अ‍ॅलर्जीचे एक महत्त्वाचे कारण असल्याचे त्यांनी दाखवून दिले. शिवाय काही चिक्कीत तूप किंवा लोणी घालतात, आणि एकाच ओट्यावर फज आणि चिक्की दोन्ही बनत असतील तर एकाचा अंश दुसऱ्याला लागतो. ‘दुधाशिवाय’ म्हणजे ‘सर्वांना निर्धोक’ नव्हे. पारंपरिक पदार्थालाही या नियमातून सूट नाही.

पाकिटावरचा मजकूर इथे उपयोगी पडतो. भारतातील २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार दूध, शेंगदाणे, अंडी, सोयाबीन, मासे अशा अ‍ॅलर्जीकारक घटकांचा उल्लेख पाकिटावर करावा लागतो. ‘दुधाचे घनपदार्थ’, ‘व्हे पावडर’, ‘केसीन’ हे सगळे दुधाचेच अवतार. साध्या बिस्किटातही ते सापडतात. सुट्या पदार्थावर काहीच लिहिलेले नसते, तिथे विचारणे हाच मार्ग.

वर्गात काय करता येईल?

पहिला प्रयोग पाच मिनिटांचा. कोमट दुधात लिंबू पिळा. गोळा होतो ते मुख्यतः केसीन. खाली उरलेल्या हिरवट पाण्यात लॅक्टोज विरघळलेले राहते आणि काही प्रथिनेही असतात. ‘साखरेचा त्रास’ आणि ‘प्रथिनांचा त्रास’ हे दोन वेगळे का, हे फळ्यापेक्षा या पेल्यात लवकर समजते.

दुसरे काम घरचे. प्रत्येकाने आजीला किंवा शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारून यावे : तुमच्या लहानपणी पावसाळ्यात संध्याकाळी काय शिजे? त्यात दूध होते का, ताक होते का? पीठ कोण दळी आणि केव्हा? जेवण व्हायला किती वेळ लागे? वर्गाचा एक तक्ता तयार होईल. त्यात दुधाशिवायचे पदार्थ किती निघतात ते मुलांनाच मोजू द्या.

तिसरे काम आपले. सहलीच्या सूचनापत्रात एक ओळ वाढवा : ‘पाल्याला कोणता पदार्थ चालत नसल्यास आणि खाल्ल्यावर काय होते ते लिहून कळवावे.’ ज्याला तीव्र अ‍ॅलर्जी आहे त्याचे औषध आणि घरचा दूरध्वनी क्रमांक सोबतच्या शिक्षकाकडे असू द्या. सर्वांना एकच खाऊ द्यायचा असेल तर तो सर्वांना चालणारा निवडा. एकीला वेगळे बसवून वेगळे देण्यापेक्षा ते बरे.

दूध चांगले अन्न आहे, ज्याला पचते त्याने आनंदाने प्यावे. पण ‘पूर्णान्न’ हा शब्द फळ्यावर लिहिताना त्या रेंगाळलेल्या मुलीची आठवण ठेवावी. तिच्या पणजीने लावणीच्या दिवसांत याच भागात कुठे तरी पेज-मेतकूट खाऊन दुसऱ्या पहाटे पुन्हा खाचर गाठले असेल. सहलीला येताना मुलीच्या डब्यात पिठले आणि तांदळाची भाकरी असली तर तिला संकोच वाटण्याचे काही कारण नाही. उलट शेजारच्या मुलांना एकेक घास द्यायला सांगावे, अर्थात त्यांना हरभरा चालतो ना, हे आधी विचारून.